कानातला कापूस

काल बायकोच्या पिठल्याचा व्हिडिओ काढायला मी नवा लाईट स्टँडच्या खुंटीवर बसवला आणि बाजूचा स्क्रू आवळायचाच विसरलो. लाईटनं हळूच मान टाकली आणि थेट कढईत तोंड घातलं.

ती मान टाकण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. दारव्ह्याला आमच्या लग्नात हॅलोजननं हेच केलं होतं. स्टँडची खुंटी बारीक, लाईटचं भोक मोठं; स्क्रू कितीही पिळला तरी लाईट नवरीकडून वळून बुंदीच्या टोपल्यांवर जायचा. वणीला अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा नातीचं लग्न कॅसेटवरच पाहणार होते. सासरे ओरडले, "अरे भाऊ, बुंदीचं लग्न हाय का? पोरीवर टाक ना लाईट!"

शूटिंगवाला रडकुंडीला आला. शेवटी मीच पाटावरून उठलो, कानातला अत्तराचा फाया काढून खुंटीभोवती गुंडाळला आणि वरून लाईट दाबून बसवला. मग तो जागचा हलला नाही! हॅलोजन तापला तसा मांडवभर मोगरा दरवळला, मागोमाग जळक्या कापसाचा वासही आला. नवरी खुदकन हसली आणि आजोबांच्या कॅसेटमध्ये तेच हसू आलं. तेव्हा मला वाटलं, पोरगी आपल्या हुशारीवर भाळली. आता तेवढी खात्री राहिली नाही.

हे आठवून काल मी देवघरातून फुलवातींचा कापूस आणला. बायकोनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तवा मी नवी होती, म्हून कापसावर भागलं," ती म्हणाली. "आता स्क्रू आवळा!"