चार नंबर प्रेसचा रिकामा ग्रुप

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी मोबाईल काढून बसणारा माणूस. सर्व्हरपुढं नारळ फोडणाऱ्यांची मी मनसोक्त टिंगल केलीय... आता करत नाही.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. पत्रा दाबायच्या प्रेस आमच्या लिनक्स सर्व्हरवरून चालतात आणि प्रत्येक प्रेसच्या ऑपरेटरांचा त्यावर वेगळा ग्रुप असतो. चार नंबरच्या प्रेसखाली रावसाहेब चिरडून गेला, तेव्हापासून ती बंदच होती. त्याचं नाव काढून तिचा ग्रुप मीच रिकामा केला होता. पुढं रावसाहेबच्या जागी त्याचा धाकटा भाऊ दत्तू लागला. दसऱ्याला तो तीच प्रेस पुन्हा सुरू करणार होता, फक्त त्याचं नाव ग्रुपमध्ये घालायचं राहिलं होतं.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला सकाळी पूजा होती. मेन स्विच मी स्वतः खाली पाडलेलं. दत्तूनं खालच्या डायला, म्हणजे साच्याला, कुंकू लावायला हात आत घातला आणि वरचा ठोकळा धाडकन खाली आला. हात कोपरापर्यंत अडकला. ठोकळा जरा वर उचलला जायचा, पुन्हा आदळायचा... हारावर रक्त, नारळावर रक्त, आमच्या शर्टांवर रक्त. दत्तू गुरासारखा ओरडत होता. फिटरनं पहार घातली, ती उसळून त्याचंच डोकं फुटलं.

मेन बंद असताना प्रेस चालतेच कशी? सर्व्हर तेवढा बॅटरीवर चालू होता, म्हणून मी केबिनकडं धावलो. त्या ग्रुपखाली काय काय चालू आहे ते बघायला pgrep -G press4 मारलं. रिकाम्या ग्रुपात काही सापडायलाच नको होतं — पण एक प्रोसेस, म्हणजे कुणाचा तरी प्रोग्राम, चालू होती. म्हटलं, हाच तो चोर. तिथल्या तिथं मारून टाकली.

आणि त्याच क्षणी ठोकळा पूर्ण खाली बसला. हाडं फुटल्याचा आवाज मला केबिनच्या काचेआड ऐकू आला.

दत्तूचा हात कोपरातून काढावा लागला. दवाखान्यात भेटायला गेलो तर तो हळू आवाजात म्हणाला, “सायेब, दादा व्हता तिथं. प्रेस खाली येत व्हती अन् दादा तिला वर उचलीत व्हता. काढ हात, काढ लवकर, म्हणत व्हता. निघतच आला व्हता बगा.”

मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, “दादानं मधीच का सोडलं असंल?”

ब्रेक सैल झाला होता, असं इंजिनिअर म्हणतात. असेलही. पण ती प्रोसेस कुणाची होती, हे मला आजवर कळलेलं नाही. आणि ती मी मारली, हे दत्तूला सांगायला अजून माझी जीभ रेटत नाही.