तहानलेले ठेवायचे उंदीर

फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला माझ्या वाट्याला आठ पांढरे उंदीर आले, आणि तेही कोणत्या वर्षी, तर लातुरात नळाला थेंब नव्हता त्या वर्षी! जिल्हा नवाच झाला होता. कचेऱ्यांवर ताज्या पाट्या चढल्या होत्या, आणि आम्ही हॉस्टेलच्या पोरी टँकरपाशी कळश्यांवरून भांडून राहिलो होतो. प्रयोगही नेमका तहानेचा. उंदरांना तहानलेलं ठेवायचं, मग लाकडी भुलभुलैयात सोडायचं. दुसऱ्या टोकाला पाण्याची वाटी. तहानेपोटी ते वाट शिकतात, आणि किती लवकर शिकतात ते आपण घड्याळ लावून मोजायचं.

शिकतही होते हो, पठ्ठे! एक तर असा सुसाट सुटायचा की मला टाळ्या वाजवाव्या वाटायच्या. लळा लागला होता मला त्यांचा, सांगायला लाज कसली. पण टंचाईमुळे कॉलेजला लवकर सुट्टी लागणार होती, आणि सुट्टीत एवढ्या जनावरांना पाणी आणायचं कुठून? आमच्या सरांनी सरळ सांगितलं, "शेवटच्या चाचणीत वाट काढली, तर शिकलेले उंदीर म्हणून पुढच्या वर्षासाठी ठेवू. नाही काढली तर ईथर देऊन संपवावे लागतील."

नेमकी त्या चाचणीच्याच दुपारी आई आली. रेणापूरजवळच्या आमच्या गावाहून एसटीनं, विहिरीच्या पाण्याचा डबा मांडीवर धरून. लेकीला डोक्यावरून न्हायला मिळावं म्हणून! मी मोठ्या ऐटीत तिला उंदीर दाखवले, स्टुलावर बसवलं आणि सरांना बोलवायला गेले. सर मीटिंगमध्ये अडकले होते, मला बाहेर थांबावं लागलं.

परत आले तर आई खुशीत. "लई तान लागली व्हती गं त्यान्ला. नुसती बाटलीची कोरडी नळी चाटून राहिले व्हते. समद्यांच्या बाटल्या भरल्या बघ."

माझं डोकंच फिरलं. "आई, काय करून बसलीस हे!" मी किंचाळलेच.

"पाणीच तर पाजलं," ती गोंधळून म्हणाली. "इख न्हाई घातलं."

तिला काय बोलणार? तिच्या लहानपणी आमच्या वस्तीला गावाच्या विहिरीला शिवू देत नव्हते. कुणी येऊन वरून ओतेल तेव्हा प्यायचं, तोवर उन्हात बसून राहायचं. तिच्यासमोर कुणी कोरडी नळी चाटतंय आणि तिच्याकडे डबाभर पाणी आहे, तर ती गप्प बसणार होती होय? डोळे भरून आले माझे, पण रागवावं तरी कुणावर?

सर आले. पोटभर प्यालेले उंदीर भुलभुलैयाच्या तोंडाशीच बसले आणि निवांत मिशा पुसायला लागले. एक हलेल तर शपथ. मी सरांना घडलं ते सगळं सांगितलं, एक दिवस द्या म्हणून हातापाया पडले. सर काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "उद्या कॉलेजला कुलूप. पाणी आहे ते पैदाशीच्या जोड्यांपुरतं. मी तरी काय करू, सांग."

आईनं पदर सावरला. "सायेब, मी नेते की गावाला. संभाळते."

"प्रयोगाचं जनावर बाहेर जात नाही, बाई."

मग ती माझ्याकडे वळली. "म्या पाणी पाजलं म्हणून मारतेत का?"

खोटं बोलायला हवं होतं. तेवढंही जमलं नाही मला. "हाव," म्हटलं.

ती उठून व्हरांड्यात जाऊन बसली. सरांनी काचेच्या बरणीत ईथरचा बोळा टाकला. उंदीर माझे, म्हणून उचलायचे मीच. प्रत्येकाचं पोट टम्म होतं, आणि हातात घेतलं की ते बोटांना हुंगायचे. सगळं उरकून, हात पुसून मी बाहेर आले, तर आई खाली मान घालून बसलेली.

"तसंच तान्हेलं ठिवलं असतं," तिनं विचारलं, "तर जगले असते व्हय गं?"