हनुवटीवरचं पिठलं

कर्करोगाची गाठ आजूबाजूच्या नसांशी कशी वागते, हे मी वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत तपासते. आमच्या भागात सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा घरोघरी, त्यामुळे तोंडाच्या गाठींना तोटा नाही. गाठ नस धरून पुढे सरकते. कधी दुखतं, कधी तेवढा भाग नुसताच बधिर होतो. परक्यांना हे समजावताना मी अडखळत नाही. घरात मात्र गप्प बसले, ते आता लिहिते.

नाचणगावला मोठ्या भावाकडे जेवत होतो. त्याच्या हनुवटीला, उजव्या बाजूला, पिठलं लागलं होतं. चांगलं गरम. त्याला पत्ताच नव्हता. "पूस" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. कधी कळतं ते पाहत बसले. त्यानं भाकरी संपवली, पाणी प्यायला, कापसाच्या भावावर बोलला. शेवटी वहिनीनं पदरानं पुसलं.

"लहान पोट्टं हाये का तुमी?"

तो हसला. मी विचारलं, "खर्रा सुटला ना?"

"कईचाच," म्हणाला, आणि हात खिशावर गेला.

पुढच्या खेपेला तो दुपारी खाटेवर पडला होता. गादीच्या उसवलेल्या शिवणीतून मी थोडा कापूस ओढला आणि हनुवटीला लावला. डावीकडे कातडी थरथरली. उजवीकडे काहीच नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात त्यानं डोळे उघडले.

"काय करून राह्यली?"

"माशी होती."

"कापसानं माशी हाकलते का व तू?"

मग मी दवाखान्यात चल म्हणाले. तो उठून बसला.

"मले समजते सारं. येते अन् माह्या तोंडाकडंच पाहत राह्यते. तुह्या कामाले तोंड पाहिजे. खरं सांग, भाऊ दिसते का तुले, का नमुना?"

"दोन्ही," मी म्हणाले. "पहिले नमुनाच दिसला."

ते खरं होतं. लोक फार उशिरा येतात. नुकती बधिरलेली नस आम्हाला जवळजवळ मिळतच नाही. त्याच्या हनुवटीवरचं पिठलं पाहून माझ्या मनात आधी हे आलं. भीती नंतर आली.

त्यानं ओढलेला कापूस पुन्हा शिवणीत कोंबला.

"येतो मी," म्हणाला. "पण माह्या तोंडातला तुकडा तुह्या त्या तपासायच्या खोलीत गेला तं पाह्यजो मंग."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या जबड्यापाशी आतून तपासणीसाठी तुकडा काढून बाटलीत ठेवला. तिथली परिचारिका मला ओळखते. "मॅडम, थोडा तुमच्या कामाला मागायचा का यांना?" तिनं सवयीनं विचारलं.

भावाच्या तोंडात बोळा होता. त्यानं माझं मनगट धरलं. मी "नको" म्हणाले. आधाराला धरलंय असं मी समजले असते. पण त्याची नजर तुकड्याच्या बाटलीवर होती, आणि परिचारिका ती घेऊन दाराबाहेर जाईपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही.