जनावर पाहिल्याशिवाय नाव नाही

करडीच्या तुलारामने आयुष्यात दोनच कामं मनापासून केली. शंकरपटात मायकवर बोलणं हे एक, आणि पटाच्या बैलांना नावं देणं हे दुसरं. धानाची शेतीही होती, पण ती कौशल्याबाई करायची. तुलाराम धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून बायकोला सल्ले द्यायचा. ते सल्ले तिने कधी ऐकले नाहीत म्हणूनच घरात तांदूळ टिकला, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा.

पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दोन्ही बाजूंना माणसांची दाटी, मधे दाण, म्हणजे जोड्या धावायची मोकळी पट्टी, आणि टोकाला मचाणावर मायक घेऊन तुलाराम. जोडी सुटते आणि पापणी लवेपर्यंत निघूनही जाते. तेवढ्यात बैलांची नावं घ्यायची, मालकाचं घ्यायचं, गावाचं घ्यायचं आणि वर एक टोमणाही हाणायचा. म्हणून बैलाचं नाव दोन अक्षरांच्या वर जायला नको, हा तुलारामचा पहिला कायदा. नवा गोऱ्हा घेतला की आसपासच्या गावांतले पटाचे शौकीन आधी त्याचं दार गाठत. पण दुसरा कायदा याहून कडक होता. जनावर समोर उभं केल्याशिवाय नाव मिळणार नाही. तो गोऱ्ह्याभोवती हळूहळू फिरायचा, त्याच्या डोळ्यांत बघायचा, मानेवरून हात फिरवायचा आणि मग नाव आपोआप तोंडात यायचं. कुणी मोबाइलवर फोटो दाखवून नाव मागितलं तर त्याला आल्या पावली परत पाठवायचा.

"फोटोले काय नाव देऊ गा? फोटो धावते का?"

चीड मात्र त्याला एकाच नावाची होती. सोन्या. दर दुसऱ्या गोठ्यात सोन्या. पटात सोन्यामागून सोन्या पळायला लागले की तुलारामच्या जिभेला कंटाळा यायचा. "ज्याचं डोकं चालत नाई, तो सोन्या ठेवते," असं तो मायकवरूनच सांगायचा. त्याचा जुना मित्र केवळराम एकदा आपल्या दोन्ही बैलांचं नाव सोन्या ठेवायला निघाला होता, एक मोठा सोन्या आणि एक लहान सोन्या. तुलारामने त्याच्याशी अबोला धरला आणि नावं बदलून घेतली तेव्हाच सोडला.

आणि दाण सोडून भलतीकडे पळालेल्या बैलाची तो जी खरडपट्टी काढायचा, ती ऐकायला लोक पार साकोलीहून यायचे. शर्यत कोण जिंकलं हे घरी जाईपर्यंत विसरत, तुलाराम काय बोलला हे मात्र वर्षभर सांगत.

एकाच माणसाला या सगळ्याचं कौतुक नव्हतं. त्याचा मुलगा वीरेंद्र. वीरेंद्र पुण्याला कंपनीत होता. कॉलेजात असताना त्याने मित्रांना वडील शेती करतात एवढंच सांगितलं होतं, पटाचं आणि मायकचं काही बोलला नव्हता. हे तुलारामला कळलं होतं. 'बरोबरच आहे, बैलांवर ओरडणारा बाप कोणाला दाखवण्यासारखा असतो?' असं म्हणून तो हसला होता. पण लागलं होतं त्याला, चांगलंच लागलं होतं.

म्हणून नागपूरला, सून टीनाच्या माहेरी, नातू झाला आणि दुसऱ्याच दिवशी वीरेंद्रचा फोन आला, तेव्हा तुलारामला आधी खाटेवर बसावं लागलं.

"बाबा, पोराचं नाव तुम्ही सांगा," वीरेंद्र म्हणाला. "फक्त लहान पाहिजे. टीना म्हणते, दोन अक्षरांचं. नावाच्या बाबतीत तुमच्याएवढं कोणाला कळते?"

"दोन अक्षरं?" तुलारामचा आवाज फोनशिवायही नागपूरपर्यंत गेला असता. "अरे बापा, मी जिंदगीभर दुसरं काय करून राहिलो?"

त्या दिवशी त्याने शेजाऱ्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, धुणं धुणाऱ्या बायकांना सांगितलं. मुलाने आपल्याला काही मागितलं याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता आणि लपवायचाही नव्हता. नाव असं देईन की जिल्हा बघत राहील, असंही बोलून बसला. मायकची सवय, दुसरं काय.

टीना माहेरी नागपूरलाच होती. बाळ जरा अशक्त होतं, गर्दी नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सव्वा महिन्यानंतर बारसं करडीला करायचं ठरलं. कौशल्याबाई मधे जाऊन नातू बघून आली. तुलाराम गेला नाही. पटाचा हंगाम होता आणि त्याने गावोगावी शब्द देऊन ठेवले होते. आपल्याशिवाय पट कसा व्हायचा, असं त्याला वाटत होतं. नातू त्याने मोबाइलवर पाहिला, म्हणजे एक लोकरीची टोपी पाहिली, टोपीखाली थोडं नाक पाहिलं, आणि तेवढ्यात करडीचं नेटवर्क गेलं.

मग तो ओसरीवर बसून नाव शोधायला लागला.

"तेज," तो पहिल्याच सकाळी म्हणाला. "कसं आहे?"

कौशल्याबाई लाखोरीची भाजी निवडत होती. "तेज त केवळरामभाऊचा डावा बैल होय. मागच्या साली लंगडून राहिला होता थो."

"मग नील?"

"नील कैलाशचा. तुमीच म्हणले नव्हते का मायकवर, याच्याहून माई म्हस जोरात धावते?"

म्हणाला होता खरा. लोक पोट धरून हसले होते.

"यश," तुलाराम म्हणाला, पण त्याचा आवाज आता खाली आला होता.

कौशल्याबाईने फक्त मान वर करून पाहिलं. यश नावाच्या बैलाने दाण सोडून समोशाच्या ठेल्यात धाव घेतली होती आणि कढईसकट ठेला लोळवला होता. 'यशाने आज पहिल्यांदाच काही कमावलं, समोसे!' हे वाक्य तुलारामचंच होतं. अजून पोरं ते म्हणत असत.

ओम होता, देव होता, जय होता, वीर तर तीन गावांत तीन होते. लोकांना हल्ली बैलांचीही पोरांसारखी नावं पाहिजे असत आणि तुलाराम ती हौसेने देत असे. आता सगळी चांगली, लहान, गोड नावं गोठ्यांत चारा खात होती आणि प्रत्येकाची अब्रू त्याने स्वतःच्या तोंडाने मायकवर काढलेली होती. दुसऱ्या कोणी हा गोंधळ घातला असता तर त्याच्यावर चांगला टोमणा मारता आला असता, हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

"असं करा," कौशल्याबाई म्हणाली, "लंबं नाव ठेवा. लंबे नाव सारेच रिकामे आहेत."

"टीनाले लहान पाह्यजे न वो."

"मग पोरालेच फोन करून सांगा, मले नाई जमत म्हणून."

ते शक्य नव्हतं. जन्मात एकदा मुलाने भरवशाने काही मागितलं आणि त्याला नाही जमलं म्हणायचं? तुलाराम जेवायला बसला तरी ओठांतल्या ओठांत नावं पुटपुटायचा. पटात बोलताना चुका करायला लागला. एकदा हरलेल्या जोडीला जिंकलेली म्हणाला आणि दोन्ही मालकांच्या शिव्या खाल्ल्या.

शेवटी त्याने शाळेतल्या मास्तरांना गाठलं. असं नाव द्या की जे कोणत्याच बैलाचं नसेल, म्हणाला. मास्तरांनी विचार करून 'क्षिप्र' सांगितलं. क्षिप्र म्हणजे वेगवान. दोन अक्षरी. तुलाराम नाव तोंडात धरूनच घरी आला.

कौशल्याबाईची नावं पारखायची स्वतःची रीत होती. ती धुऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि धानाच्या बांधीच्या पलीकडे हाक मारल्यासारखं ओरडली. नाव अर्ध्या वाटेतच पडलं. तिने पुन्हा ओरडून पाहिलं आणि मग नवऱ्याकडे वळली.

"हे नाव होय का शिंक होय?"

"मोठं भारी नाव आहे वो ते. तुले नाई समजाचं."

"तुमाले समजलं का?"

तुलारामला ते आवडलं नव्हतं. पण बैलाचं नव्हतं ना! त्याने तेच पक्कं केलं आणि बारशापर्यंत कोणाला सांगायचं नाही अशी कौशल्याबाईला शपथ घातली.

बारशाला मांडव भरला. नातेवाइकांपेक्षा पटवालेच जास्त होते. ज्याने आपल्या बैलांना नावं दिली, तो आता स्वतःच्या नातवाला कोणतं देतो हे सगळ्यांना बघायचं होतं. केवळरामने हौसेने भोंगे आणले आणि एक तर बोडीच्या दिशेने तोंड करून बांधला. मायक कोणी मागायच्या आधीच तुलारामच्या हातात आला होता. पाळणा सजला. पोराची आत्या, म्हणजे तुलारामची मुलगी रत्नमाला, पाळण्यापाशी बसली. तुलारामने तिला नाव सांगायचं, तिने ते बाळाच्या कानात म्हणायचं आणि मग मायकवरून गावाला कळायचं, असं ठरलं होतं. वीरेंद्र एका बाजूला उभा होता. तो पुन्हा पुन्हा बापाकडे बघत होता आणि तुलाराम नजर चुकवून मायकची वायर सरळ करत होता.

"बाबा, आधी घ्या न त्याला," टीना म्हणाली. "तुम्ही तर त्याला पाहिलंच नाही अजून."

तिने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

पाहिलंच नाही. तुलारामला स्वतःचाच दुसरा कायदा आठवला. फोटो आणणाऱ्या मालकांना हाकलून देणारा मी, आणि घरच्या पोराला महिनाभर टोपी बघून नाव शोधत बसलो! बैलाचे डोळे बघायला तुला वेळ होता रे तुलाराम, याला बघायला नव्हता. त्याने टोपी हळूच मागे सारली. बाळाने डोळे उघडले. काळे, ओले, कोणाचीच ओळख नसलेले. ते आजोबाच्या मिशांवर येऊन थांबले, आणि इवलासा हात हवेत फिरत फिरत त्याच्या अंगठ्याला येऊन चिकटला. तुलारामच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. क्षिप्र कुठच्या कुठे गेलं. नेहमीसारखंच नाव आपोआप तोंडात आलं आणि थांबवायच्या आत बाहेर पडलं.

"अरे माया सोन्या रे!"

मायक चालूच होता. सोन्या मांडवभर झाला, रस्त्यावर गेला, बोडीच्या पाण्यावरून पलीकडच्या काठाला लागून परत आला. रत्नमालाने हेच नाव असेल असं समजून ते बाळाच्या कानात म्हणूनही टाकलं.

 पटात जोडी जिंकल्यावर उठतो तसा कल्ला मांडवात उठला. केवळराम तर उभाच राहिला.

"तुलारामभाऊ, ज्याचं डोकं चालत नाई तो कोणतं नाव ठेवते म्हणले होते जी तुमी?"

तुलारामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने भीतभीत मुलाकडे पाहिलं. 'सारा जिल्हा हसून राहिला तुमच्यावर' असंच काही तो म्हणेल असं वाटलं. पण वीरेंद्रही हसत होता, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

"मलेही लहानपणी हेच म्हणत होते बाबा," तो टीनाला म्हणाला. "विसरलोच होतो मी."

"मग हेच राहू द्या," टीना म्हणाली. "दोनच अक्षरं आहेत. शाळेतलं पाहू पुढे."

 कौशल्याबाई धुऱ्याकडच्या बाजूला गेली आणि तिथून एक हाक मारून पाहिली. हाक छान लांब गेली.

पुढच्या पटाला वीरेंद्र सुटी काढून आला. बाळाला कडेवर घेऊन तो मचाणाच्या अगदी खाली उभा राहिला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मुद्दाम सांगत होता, वर बोलून राहिले ते माझे वडील. त्या दिवशीही सोन्यामागून सोन्या पळत होते. दुपारी एक मोठा थोरला बैल दाणीवर आला, शिंगं हातभर, मान ओंडक्याएवढी जाड. झेंडी पडली, जोडी सुटली आणि या बैलाने अर्ध्यातून जोडीदाराला ओढत दाण सोडली. लोक बाजूला पळाले, एका चहावाल्याची किटली आडवी झाली, जोडी हाकणारा धुरकरी कसाबसा सावरला.

"सोन्या!" कोणी तरी ओरडलं आणि सगळ्या मैदानाने माना मचाणाकडे वळवल्या. आता तुलाराम याची काय हजेरी घेतो, याची लोक वाट बघत होते. तुलारामने मायक तोंडाशी नेला. चांगला टोमणा जिभेवर तयार होता. त्याने खाली पाहिलं. कडेवरच्या टोपीतून दोन डोळे वर बघत होते.

"जाऊ द्या जी," तुलाराम मायकवर म्हणाला. "लहान आहे अजून."