चेअरमनच्या घरचा कोरा चहा

समस्त दूध उत्पादक बंधू-भगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आपल्या दूध संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या नातवाला दूध चालत नाही.

ही घोषणा नव्वदच्या दशकात, पारगावजवळच्या आमच्या गावात, देवळाच्या भोंग्यावरून व्हायला हवी होती. झाली नाही. कारण चेअरमन म्हणजे माझे सासरे आणि तो नातू म्हणजे माझा मुलगा. दूध म्हणजे अमृत, असं सासरे प्रत्येक सभेत सांगायचे. लग्नात आशीर्वाद द्यायला उभे राहिले, तरी वधूवरांना दोन जर्सी गाई घ्यायचा सल्ला देऊनच खाली बसायचे.

आणि आमच्या बाळाला वरचं दूध पाजलं की अंगभर गांधी उठायच्या, ओठ तळलेल्या वड्यांसारखे फुगायचे. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही दुधाची ॲलर्जी. गाय, म्हैस, शेळी, डब्यातली पावडर, सगळं बंद. अंगावरच पाजा, आणि आईनंही दूध, दही, तूप सोडायचं. बाळाच्या पोटात चमचाभर गेलं तरी श्वास अडकू शकतो.

घरी आल्याबरोबर सासऱ्यांनी आधी दार लावलं.

"ह्ये उंबऱ्याच्या भाईर जाता कामा नये. त्या डॉक्टरला गाईतलं काय कळतंय?"

"आवं, पोरातलं कळतंय न्हवं त्याला?" सासूबाई म्हणाल्या.

मी कोरा चहा प्यायला लागले. गोठ्यात आठ गाई आणि सून कोरा चहा पिते! शेजारणीनं पाहिलंच. सासूबाईंनी ठोकून दिलं, "तिला पित्त झालंय."

"पित्त? मग थंड दूध दे की तिला!"

झालं. गावातली माया तांब्या-तांब्यानं घरी येऊ लागली. प्रत्येकीचं म्हणणं, आमच्या गाईचं पिऊन बघ, गुण येतोच. मी हसून घ्यायची आणि मांजराला घालायची. ते मांजर पुढं इतकं माजलं, की उंदीर दिसला तर ते कूस बदलायचं.

बाळाला सहावा महिना लागला आणि उष्टावण आलं. मामानं भाच्याला पहिली खीर चाटवायची. सासऱ्यांनी हौसेनं संस्थेचे झाडून सगळे सभासद बोलावले. पाहुण्यांसाठी पातेलंभर दुधाची खीर शिजली. बाळासाठी मी पहाटेच तांदळाच्या पिठाची, नारळाच्या दुधातली खीर करून चांदीच्या वाटीत काढून ठेवली. दिसायला दोन्ही पांढऱ्याधोप. सासरे वाटीकडे बघून मला म्हणाले, "शाब्बास! कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."

माझा भाऊ पाटावर बसला, मांडीवर बाळ. तो खिरीत अंगठी बुडवणार, इतक्यात चुलत सासूबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं.

"अगंबया! चेअरमनच्या घरची खीर, आन् वर साय न्हाई? लोकं काय म्हणतील?"

त्या तरातरा चुलीपाशी गेल्या आणि दुधाच्या पातेल्यातली जाड साय पळीभर घेऊन आल्या. मी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी सभासदांकडे पाहिलं. सासूबाईंनी देवाकडे पाहिलं. चुलत सासूबाईंनी मात्र कुणाकडेच न पाहता साय वाटीत सोडली, मायेनं बोटानं ढवळली आणि तेच बोट बाळाच्या तोंडाकडे नेलं. बाळानंही आनंदानं आ केला.

मी किंचाळणार तेवढ्यात सासरे दोन पंक्ती ओलांडून, एका सभासदाच्या ताटात पाय देऊन धावले, चुलत सासूबाईंचं बोट वरच्यावर धरलं आणि वाटी हिसकावून, अख्ख्या दूध संस्थेच्या देखत गरजले,

"आपल्या डेरीचं दूध कुत्र्याला घाल, पर माझ्या नातवाला नगं!"