खांद्याला न टोचणारं होल्स्टर

आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा मी रियाधला, बत्हामधल्या चामड्याच्या एका छोट्या दुकानात काम करत होतो. दुकान कागदावर कफीलचं, म्हणजे आमच्या सौदी जामीनदाराचं होतं, चालवायचा माझा मामू. पट्टे, पाकिटं, बॅगांच्या चेन, चपलांचे अंगठे, जे येईल ते आम्ही करायचो. मामू हे काम मुंबईला बॅगांच्या कारखान्यात शिकला होता आणि मी त्याच्याकडून. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावातले बाकी लोक जहाजावर जात. चामडं कापायची रापी हातात धरणारे आम्ही दोघंच.

त्या हिवाळ्यात गिऱ्हाईक कमी झालं होतं. बरेच जण बायकामुलांना घेऊन जेद्दाकडे निघून गेले होते. उरलेले सुटकेसच्या कड्या आणि चाकं बसवून न्यायला येत. दुकानाच्या मागच्या खोलीतल्या खिडकीच्या फटी आम्ही विषारी वायूच्या भीतीने चिकटपट्टीने बुजवल्या होत्या आणि भोंगा वाजला की तिथे जाऊन बसायचो. काही दिवसांनी त्याचीही सवय झाली. मामू आत जाताना चहाचा पेला विसरायचा नाही.

एके दिवशी सकाळी एक सौदी माणूस दुकानात आला. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा. अंगात पायघोळ अरबी थोब, त्यावर करडा कोट. पूर्वी पोलिसात होता आणि आता एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याबरोबर संरक्षणासाठी असायचा. त्याने कोटाच्या आतून पिस्तूल ठेवायचं एक रिकामं होल्स्टर काढून ठेवलं. खांद्यावरून पट्टा घेऊन काखेखाली लटकवतात तसं. बाहेरच्या देशातलं, चकचकीत, नवं.

"सदीक, दोस्त, हे माझ्याच्याने घालवत नाही," तो म्हणाला. "दुपारपर्यंत हात बधिर होतो."

त्याने कोट बाजूला करून डावा खांदा दाखवला. नोकरीत असताना गाडीवरून पडून त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि ते वाकडं जुळलं होतं. थोबच्या कापडातूनही उंचवटा कळत होता. पट्टा नेमका त्याच्यावरून जात होता. त्याआधी दोन होल्स्टर त्याने वापरून टाकून दिली होती. एक नायलॉनचं, ते सरकत सरकत मानेवर चढायचं. दुसऱ्यात पिस्तूल आडवं राहायचं, तोंड मागे.

"ते चांगलं होतं, दुखत नव्हतं," तो म्हणाला. "पण मी गाडीत पुढे बसतो आणि म्हातारा माझ्या मागे. दिवसभर नळी त्याच्याकडे. मलाच कसंतरी व्हायचं."

मामूने ते होल्स्टर हातात घेऊन पाहिलं आणि आमच्या बोलीत मला म्हणाला, "हे आपलं काम नाही. परक्या मुलखात राहतोय, त्यात लढाईचे दिवस. नाही म्हणून सांग."

त्या माणसाला शब्द कळले नसतील, पण चेहरा कळला. त्याने खिशातून परवान्याचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तुमच्या कफीलला फोन लावा." कफील त्याच्याशी बराच वेळ बोलला. दोघांना एकाच मोहल्ल्यातली माणसं ओळखीची निघाली. शेवटी कफीलने मला सांगितलं, "करून दे. पण दुकानात खरं पिस्तूल नको."

म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पिस्तुलाची बाह्यरेषा काढून आणली आणि वजन सांगितलं. शेजारच्या सुताराकडून मी तसा लाकडाचा तुकडा कापून घेतला. तो हलका होता. गावी जाळ्याला लावायला शिसं वितळवून ओतताना लहानपणी पाहिलं होतं. तसंच बॅटरीवाल्याकडून शिसं आणून, लाकूड कोरून आत ओतलं आणि किराणावाल्याच्या तराजूवर वजन जुळवलं.

पहिलं होल्स्टर दोन दिवसांत झालं. त्याने घालून पाहिलं, हात फिरवला आणि बरं आहे म्हणाला. संध्याकाळी परत आला. बरं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गिऱ्हाइकाला दुकानात पाच मिनिटांत जे कळतं ते उपयोगाचं नाही. पुढचं मी स्वतःच घालायचं ठरवलं. स्वेटरच्या आत, लाकडाच्या तुकड्यासकट, सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत.

आठ दिवस मी ते घातलं. पट्टा मानेजवळ असला की तासाभरात डोकं दुखायला लागतं आणि फार बाहेर असला की घसरतो. तो खांद्याच्या मधोमध बसावा लागतो, आणि चार बोटं तरी रुंद. पाठीवर दोन पट्टे एकमेकांवर शिवून टाकले तर वाकताना सगळंच ओढलं जातं; मी तिथे चामड्याची एक सैल चकती घातली, तिच्यातून पट्टे सरकू लागले. सगळं वजन डावीकडे येतं म्हणून उजव्या काखेखाली जादा गोळ्यांचा खण दिला. नळी खाली. आतून बकरीचं मऊ कातडं. घोड्यावर बोट जाऊ नये म्हणून तो भाग दुहेरी जाड, आणि वर घट्ट बटण. मामू दुरून बघायचा. एकदा न राहवून म्हणाला, "काखेतली शिवण बाहेरच्या अंगाला घे. घामाने कातडं कडक झालं की सोलून काढेल." ते बरोबर होतं.

शेवटी असा दिवस आला की ते अंगावर आहे हेच मी विसरलो.

दुपारच्या नमाजानंतर मी बक्कलं आणायला निघालो. मोठ्या रस्त्यावर शिपाई उभे होते, तसे तेव्हा सगळीकडेच असत. माझा इकामा, तिथे राहायचा परवाना, शर्टाच्या खिशात होता. तो काढायला मी स्वेटर वर केला आणि शिपायाला पट्टा दिसला. तो ओरडला. बंदूक माझ्या छातीकडे वळलेली मी पाहिली आणि त्यानंतर रस्त्यावर पालथा पडलो. मी पडलो की त्यांनी पाडलं, ते आता आठवत नाही. गाल डांबराला लागला होता. "खशब! खशब!" असं मी ओरडत होतो. लाकूड आहे, लाकूड.

शिपायाने ते बाहेर काढलं, बोटाने वाजवून पाहिलं, हातात तोललं. खरं पिस्तूल असतं तर त्याला काय करायचं ते ठाऊक होतं. हे काय आहे ते कळेना. मला गाडीत घालून चौकीवर नेलं.

तिथला अधिकारी तरुण होता, आवाज न चढवता बोलायचा.

"लाकडाचं पिस्तूल कशाला बाळगतोस?"

"दुखतं का बघायला."

"काय दुखतं का?"

"खांदा."

त्याने काहीतरी लिहिलं, मग खोडलं. तोच प्रश्न त्याने तीन वेळा विचारला आणि मी तीनही वेळा तेच उत्तर दिलं, कारण दुसरं नव्हतं. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. भिंतीजवळच्या बाकावर बसलेले दोन येमेनी माझ्याकडे पाहून थोडे दूर सरकले.

कफील आला तो सगळ्यांसमोर मला बोलला. गाढव म्हणाला, मामूलाही काहीबाही म्हणाला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. थोड्या वेळाने कफीलने बोलावून घेतलेला तो गिऱ्हाईक परवाना घेऊन आला. अधिकाऱ्याच्या टेबलासमोर त्याने कोट काढला, खांद्याचं हाड दाखवलं आणि म्हणाला, "हे माझ्यासाठी आहे. मी याला काम दिलंय." अधिकाऱ्याने त्याला ते होल्स्टर चढवायला लावलं. तो उभा राहिला, बसला, वाकला, हात वर केला. मग पोलीस चौकीत आहोत हे विसरल्यासारखा माझ्याकडे वळून म्हणाला, "वल्लाह, आता बरोबर बसलं."

अधिकारी पहिल्यांदा हसला. लाकडाचा तुकडा त्याने ठेवून घेतला, होल्स्टर परत दिलं. असली वस्तू अंगावर घालून पुन्हा रस्त्यावर फिरणार नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलं.

दुकानात मामू शटर अर्धं ओढून बसला होता. मला बघून उठला, चहा ओतला, गालावरचं खरचटलेलं ओल्या फडक्याने पुसलं. मग म्हणाला, "उद्या देऊन टाक. खलास."

मी राहिलेली शिवण पुरी करून दिली. गिऱ्हाईक खूश होऊन गेला.

काही आठवड्यांनी, लढाई संपत आली होती तेव्हा, तो परत आला. स्टुलावर बसला आणि रिकामं होल्स्टर मांडीवर ठेवलं. पट्टा तुटला का, मी विचारलं.

"नाही. तुझं काम चांगलं आहे," तो म्हणाला. मग सांगितलं. दुपारी घरी जेवायला गेला, जेवून आडवा झाला, कोट अंगावर तसाच. झोप लागली. जाग आली तेव्हा चार वर्षांची नात छातीवर बसली होती आणि तिचा हात कोटाच्या आत होता. बटणाशी खेळत होती. बटण घट्ट होतं, तिच्याने उघडलं नाही.

"आधीचं टोचायचं," तो म्हणाला. "म्हणून दारातच काढून कपाटात कुलपात ठेवायचो. तुझं टोचत नाही. मला आठवलंच नाही."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ते बटण मी खरं तर सैल करणार होतो. हाताला जड लागतं असं त्यानेच म्हटलं होतं, आणि घाईत राहून गेलं होतं.

"आता काय करू या?" मी विचारलं.

"कुठेतरी टोचेल असं कर. खांद्याला नको."

मामू आपल्या जागेवरून उठून आला. होल्स्टर उलटंपालटं करून म्हणाला, "उजव्या काखेखाली, जरा मागे. उभं असताना कळणार नाही. बसला किंवा आडवा झाला की कळेल." मी कडक चामड्याची खजुराच्या बीएवढी गुंडाळी केली आणि अस्तराच्या आत शिवली. त्याने घालून पाहिलं, स्टुलावर बसला आणि तोंड वाकडं केलं.

"हां," म्हणाला, "असंच."

पुढच्या वर्षी मामू गावी परतला आणि दुकान मी बघू लागलो. तशी होल्स्टर मागायला आणखी दोघे आले होते. दोघांनाही मी नाही म्हटलं; का, ते सांगत बसलो नाही. तो गिऱ्हाईक मात्र अधूनमधून यायचा, चपला नाहीतर कंबरपट्टा घेऊन. एकदा आला तेव्हा म्हातारा व्यापारी वारला होता आणि याने पिस्तूल आणि परवाना दोन्ही जमा करून टाकले होते. तबूककडे त्याच्या भावाची गव्हाची शेती होती, आता कुटुंब घेऊन तिकडेच राहायला जाणार म्हणाला. जाताना त्याने कागदावर पत्ता लिहून दिला आणि ये म्हणाला, पेरणीनंतर ये, तेव्हा हिरवं असतं. मी येतो म्हणालो. जाणं काही झालं नाही.