आन्सेल्मने कापलेला पंख

आन्सेल्म कूर्तेपे लढाईआधी चर्चचे बाक करायचा, लढाईनंतर विमानं करू लागला. त्याच्या मते फरक फारसा नव्हता. दोन्हीकडे बसणारा देवाचं नाव घेतो.

कारखाना दिजोंजवळच्या एका खेड्यात होता. मालक बार्दूने हौशी वैमानिकांच्या क्लबांसाठी दोघांपुरतं लाकडी विमान आखलं होतं. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सरकारी माणसं ते पाहायला येणार होती. पसंत पडलं तर वीस विमानांचं काम मिळणार होतं आणि दहा घरांच्या चुली त्यावर पेटणार होत्या.

पंख चिकटवायचा सरस दुधाच्या चोथ्याचा. त्याच भांड्यातल्या सरसाने दोन फळकुटं चिकटवून खिळ्याला टांगायची आणि चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर हातोडीने फोडायची, असा नियम. लाकूड फाटलं तर पंख पास. सांधा सुटला तर पंख जळणात.

शुक्रवारी फळकूट फोडलं, लाकूड फाटलं. मालकाने वाइनची बाटली उघडली. आन्सेल्म शेगडीपाशी हात शेकायला गेला आणि त्याची नजर वर गेली. खिळा शेगडीच्या बरोबर वर होता. उन्हाळाभर सगळे तिथेच टांगत आले, शेगडी पेटली तरी कुणी खिळा हलवला नाही. पंख मात्र मागच्या शेडमध्ये पडून होता, आणि तिथे बादलीतलं पाणी गोठलं होतं.

"मालक, पंख कापून बघावा लागेल."

"आत्ताच पास झाला ना?"

"फळकूट पास झालं. ते ऊब खात होतं, पंख गारठत होता. गारठ्यात हा सरस धरत नाही."

"आन्सेल्मबाबा, सोमवारी माणसं येतायत."

"येऊ देत. त्यात तुम्ही बसणार आहात."

पत्रेवाला गास्तों हसला. "म्हाताऱ्याला बाकच करू द्या. बाक आभाळातून पडत नाही."

मालक हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. आन्सेल्मने करवत घेतली. पंखाचा कणा कापून त्याने एकेक सांधा फोडला. प्रत्येक ठिकाणी लाकूडच फाटलं. पंख ठणठणीत होता.

सोमवारी सरकारी माणसांनी बिनपंखाचं विमान पाहिलं, कॉफी घेतली आणि ती निघून गेली. काम दुसऱ्या कारखान्याला मिळालं. चौघांना घरी बसावं लागलं, त्यात गास्तोंही होता.

"अहो, सूप गार होतंय," घरी त्याची बायको लेओंतीन म्हणाली.

"चांगला पंख कापला मी."

"कापायच्या आधी कुठे माहीत होतं तुम्हाला?"

"हे गास्तोंच्या बायकोला जाऊन सांग."

आन्सेल्मला ते सूप गेलं नाही.

मेमध्ये नवा पंख बसला. मालकाने तीन आठवडे एकट्यानेच विमान उडवलं. मग एका रविवारी तो आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, सोलांजला घेऊन मैदानावर आला.

"दुसऱ्या जागेवर पहिल्याच खेपेला पोरगी?" क्लबचा चिटणीस म्हणाला. "आधी वाळूचं पोतं बसवून बघा की."

मालक पोरीचा पट्टा आवळत होता. "पंख आन्सेल्मबाबांनी चिकटवलाय," तो म्हणाला.

कुंपणाशी उभ्या असलेल्या आन्सेल्मने ते ऐकलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी विमान उतरेपर्यंत त्याने त्या पंखावरची नजर काढली नाही.